मासिकाच्या पानातला लेखक ओळखायचा कसा

विठ्ठल सीताराम गुर्जर (१८८५–१९६२) हे नाव आज आठवलंच तर ‘एकच प्याला’च्या पदांमुळे आठवतं. गडकऱ्यांच्या त्या नाटकाची पदं गुर्जरांनी रचली. त्यांच्या काळात मात्र वाचक त्यांना ओळखत होते ते ‘मासिक मनोरंजन’चे कथाकार म्हणून. शेकडो गोष्टी त्यांनी मासिकांतून लिहिल्या आणि त्यांतल्या मोजक्याच पुढे पुस्तकांत आल्या. बाकीच्या अजून अंकांतच पडून आहेत. गुर्जरांबद्दल पुस्तकांवरून मत बनवणारा माणूस त्यांचा फार थोडा भाग वाचून बोलत असतो.

हे एकट्या गुर्जरांचं नाही. १८९० ते १९३५ या काळात मराठीत ज्यांनी गोष्टी, निबंध, विनोदी लेख लिहिले, त्यांचं पहिलं घर मासिक किंवा साप्ताहिक होतं. पुस्तक नंतर, पैसे जमले आणि प्रकाशक मिळाला तर. त्यामुळे त्या काळातल्या कुठल्याही लेखकाची यादी करायची तर ती अंक समोर ठेवूनच करावी लागते. पणजीचं लेखन शोधणारे नातलग, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, जुन्या कथा पुन्हा छापू पाहणारे छोटे प्रकाशक, या सगळ्यांना ती करताना त्याच त्या चार-पाच जागी ठेच लागते. त्या जागा इथे सांगतो.

आधी मैदान थोडक्यात. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासूनचा, भारदस्त. हरिभाऊ (हरि नारायण) आपट्यांचं साप्ताहिक ‘करमणूक’ १८९० ला निघालं आणि १९१७ पर्यंत चाललं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचं ‘मासिक मनोरंजन’ १८९५ चं, आणि मराठीतला पहिला दिवाळी अंक त्यांनीच १९०९ मध्ये काढला. मग चित्रशाळेचं ‘चित्रमयजगत्’ (१९१०), किर्लोस्करवाडीहून कारखान्याचं पत्रक म्हणून १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’, पुढे ‘रत्नाकर’ (१९२६), ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७), ‘यशवंत’ (१९२८), ‘स्त्री’ (१९३०). आणखी किती तरी आहेत, पण कथालेखकाचा माग काढताना पहिल्या फेरीत ही नावं सुटता कामा नयेत.

सुरुवात करावी ती नियतकालिकापासून. लेखकाकडे मग वळावं. कोणतं नियतकालिक कधी, कुठून निघालं हे पाहायला शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी केलेली ‘मराठी नियतकालिकांची सूची’ आहे. हे आधी का पाहायचं, तर एकाच नावाची दोन मासिकं असतात. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ ही कादंबरी ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकात १८८६ पासून येऊ लागली आणि पुस्तक झालं १९०३ मध्ये. हे ‘मनोरंजन’ आणि मित्रांचं ‘मासिक मनोरंजन’ यांचा काही संबंध नाही. तरी संदर्भात नुसतं ‘मनोरंजन’ लिहिलेलं असतं आणि पुढचा माणूस १८९५ नंतरच्या फायली धुंडाळत बसतो. नावबदलही असतो. ‘किर्लोस्कर खबर’चं १९२९ मध्ये ‘किर्लोस्कर’ झालं, म्हणून काही ग्रंथालयांत त्याच मासिकाच्या फायली दोन वेगळ्या नावांखाली लावलेल्या सापडतात. जागेचाही घोळ असतो. ‘केरळकोकीळ’ कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीहून संपादित करायचे, छापणं मात्र मुंबईत. ना. सी. फडक्यांची ‘मेणाचा ठसा’ ही पहिली गोष्ट १९१२ मध्ये आली ती याच ‘केरळकोकीळ’मध्ये. पुण्या-मुंबईच्या मासिकांपुरताच शोध घेणाऱ्याला ती दिसणारच नाही.

आता तारीख. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि पुढच्या पुस्तकांत त्या नकलून उतरतात.

अंकावर बहुधा तीन गोष्टी असतात: वर्ष, अंक आणि महिना. मासिक बारमाही नियमित निघालं असेल तर पहिल्या अंकाचा महिना कळला की बाकीचं गणित सरळ आहे. वर्षाच्या आकड्यातून एक वजा करून बाराने गुणा, अंकाच्या आकड्यातून एक वजा करून त्यात मिळवा, आणि तितके महिने पहिल्या अंकापुढे मोजा. ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ ला सुरू झालं. त्याचं ‘वर्ष ७, अंक ५’ म्हणजे सहा गुणिले बारा बहात्तर, अधिक चार, म्हणजे ७६ महिने पुढे: नोव्हेंबर १९३३. नुसतं ‘वर्ष ७’ पाहून १९२७ मध्ये सात मिळवणारा १९३४ लिहून मोकळा होतो. मासिकाचं वर्ष जानेवारीला सुरू होतं असं गृहीत धरणं हीच मुळात चूक. ‘करमणूक’ १८९० च्या उत्तरार्धात सुरू झालं, त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष १८९१ मध्ये शिरतं.

हे गणित मोडतं ते तीन कारणांनी. पहिलं, जोडअंक. दोन महिन्यांचा एक अंक काढला की त्याला कधी ‘अंक ५-६’ असं छापतात, कधी नुसतं ‘अंक ५’, आणि दुसऱ्या प्रकारात पुढचा सगळा हिशोब महिन्याने सरकतो. दुसरं, उशीर. छापील महिना कार्तिक असला तरी अंक वाचकाच्या हाती पौषात पडलेला असू शकतो. तसं झालं असेल तर संपादक पुढच्या अंकात दिलगिरी छापतो, ती वाचायची सोडू नये. तिसरं, दिवाळी अंक. तो कधी नेहमीच्या क्रमांकात धरलेला असतो, कधी दोन महिन्यांचा मिळून. म्हणून गणित करायचं ते पडताळ्यासाठी. नोंदीत उतरवायचा तो छापील महिना, आणि दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे.

अंकावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक छापलेला असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर त्यात ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. कार्तिक शके १८३१ म्हणजे नोव्हेंबर १९०९, पण माघ शके १८३१ म्हणजे फेब्रुवारी १९१०. सरसकट ७८ मिळवणारे माघ-फाल्गुनातलं सगळं लेखन एक वर्ष मागे ढकलतात. पौष हा अडचणीचा महिना, काही वर्षी तो डिसेंबरात सुरू होतो आणि काही वर्षी जानेवारीत. तिथे जुनी जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखा शेजारी मांडलेलं पुस्तक, उघडल्याशिवाय आकडा लिहू नये.

अंकाची तारीख बाहेरून तपासायचा आणखी एक रस्ता आहे आणि तो फार थोडे वापरतात. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे छापलेल्या मजकुराच्या प्रती सरकारला द्याव्या लागत. त्यावरून मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या तयार होत आणि सरकारी गॅझेटबरोबर प्रसिद्ध होत. त्यांत नाव, लेखक किंवा संपादक, छापखाना, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, किती प्रती काढल्या, किंमत, हक्क कोणाकडे, असे रकाने असतात. नियतकालिकंही त्यांत येतात. अंकावरचा महिना आणि खरी प्रसिद्धीची तारीख यांतलं अंतर इथे दिसतं, आणि त्या मासिकाच्या किती प्रती निघत होत्या हेही. खपाच्या संपादकीय दाव्यापेक्षा मी या रकान्यावर जास्त विश्वास ठेवीन. छापखान्याने भरलेला आकडा असल्यामुळे तोही अगदी निर्दोष नसतो, हे मात्र धरून चालावं.

आता नावांकडे वळू. आद्याक्षरांचा पहिला सापळा म्हणजे दोन आपटे. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) आणि नारायण हरि आपटे (१८८९–१९७१). एक ह. ना., दुसरे ना. ह.; दोघेही कादंबरीकार, दोघांचंही लेखन नियतकालिकांतून आलेलं. ‘न पटणारी गोष्ट’ ही ना. हं.ची, तिच्यावरून ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला. शोधयंत्रात ‘आपटे’ टाकून आलेली यादी तशीच उतरवली की १९१९ मध्ये गेलेल्या माणसाच्या नावावर १९२३ ची कादंबरी चढते. दुसरा सापळा दोन दिवाकरांचा. नाट्यछटा लिहिणारे ‘दिवाकर’ म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१). ‘अंगणातला पोपट’ लिहिणारे दिवाकर कृष्ण म्हणजे दिवाकर कृष्ण केळकर (१९०२–१९७३). पहिल्यांचं ‘दिवाकर’ हे टोपणनाव, दुसऱ्यांचं ते खरं पाळण्यातलं नाव. अंकात नुसतं ‘दिवाकर’ असेल तर आधी साल पाहा. १९११-१२ च्या सुमाराची छोटी, एकाच पात्राच्या बोलण्यातून उलगडणारी छटा असेल तर गर्गे. १९२० च्या दशकातली, मनाच्या आत उतरणारी गोष्ट असेल तर केळकर.

टोपणनावं बहुतेकांना पाठ असतात, पण एकाच माणसाची प्रकारागणिक वेगळी नावं असतात हे विसरलं जातं. राम गणेश गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदी लेखाला बाळकराम आणि नाटकाला स्वतःच्या नावाने. वि. स. खांडेकर सुरुवातीला कवितेखाली ‘कुमार’ लिहीत आणि विनोदी लेखाखाली ‘आदर्श’. म्हणून लेखक शोधताना एक नाव धरून सगळ्या फायली पाहण्यापेक्षा, आधी प्रकार ठरवून त्या प्रकारातलं नाव शोधलं तर वेळ वाचतो. संपादकांचीही गंमत नाही, अडचणच आहे: काशीनाथ रघुनाथांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगालीच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतलं. ग्रंथालयाच्या कार्डांवर ते ‘म’ खाली नसतील तर ‘आ’ खाली पाहायचं.

नावच नसेल तर? संपादकाच्या अंकात निनावी गोष्ट आली म्हणजे ती संपादकाचीच, असं फार सहज धरलं जातं. हरिभाऊंच्या बाबतीत तर पुष्कळदा. ‘करमणूक’मधली निनावी गोष्ट त्यांची आहे असं म्हणायला निदान एक बाहेरचा आधार हवा: ती पुढे त्यांच्या ‘स्फुट गोष्टीं’च्या भागांत आलेली असणं, समकालीनांच्या पत्रात उल्लेख असणं, किंवा वार्षिक अनुक्रमणिकेत नाव दिलेलं असणं. भाषेच्या वळणावरून निर्णय द्यायचा मोह टाळावा. हरिभाऊंची शैली त्या काळात अनेकांनी उचलली होती.

वार्षिक अनुक्रमणिका हा शब्द आला आहे तर तिच्याबद्दल सांगायलाच हवं. वर्षाच्या शेवटच्या अंकाबरोबर ती देत, आणि बांधणी करणारा ती बहुधा खंडाच्या सुरुवातीला लावतो. अंकात ज्या लेखाखाली फक्त ‘एक गृहस्थ’ किंवा दोन अक्षरं आहेत, त्यापुढे अनुक्रमणिकेत पूर्ण नाव सापडू शकतं. उलटंही होतं. म्हणून दोन्ही पाहायची. मोठा तोटा असा, की बांधणी करताना वेष्टणं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती. महिन्याची अनुक्रमणिका बऱ्याच मासिकांत वेष्टणाच्या आतल्या बाजूला छापलेली असे, ती त्याबरोबर जाते. त्यामुळे एखाद्या ग्रंथालयाचा खंड ‘पूर्ण’ दिसला तरी दुसऱ्या ग्रंथालयात सुटे अंक आहेत का ते पाहावं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, ही ठिकाणं एकमेकांची उणीव भरून काढतात. मराठी माणसांची जुनी वाचनालयं महाराष्ट्राबाहेरही आहेत. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथे चौकशी केल्याशिवाय ‘अंक उपलब्ध नाही’ असं लिहू नये.

स्त्रियांच्या लेखनाचा माग काढणं सगळ्यांत कठीण, आणि सगळ्यांत गरजेचंही. लग्नाने नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. गिरिजाबाई केळकर (१८८६–१९८०) माहेरच्या द्रौपदी बर्वे. मालती बेडेकरांचं (१९०५–२००१) तर उदाहरण पुरेसं बोलकं आहे. माहेरच्या बाळूताई खरे, ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहिताना विभावरी शिरूरकर, आणि नियतकालिकांत ‘श्रद्धा’, ‘कटुसत्यवादिनी’ अशीही नावं. त्यांची यादी करताना यांतलं एकही नाव सोडलं तर दहा वर्षांचं लेखन गळू शकतं. इथे चाल अशी ठेवावी: माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, लग्नाचं साल आणि गावं, एवढं एका कागदावर आधी लिहून घ्यायचं. मग अंकात ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ यांच्यापुढे काय येतं ते सालाशी ताडून पाहायचं. नावापुढे गाव छापलेलं असेल तर ते सोन्यासारखं जपावं, नवऱ्याच्या बदलीच्या गावांशी ते जुळतं का हे पाहिलं की बऱ्याच शंका मिटतात. आनंदीबाई शिर्के (१८९२–१९८६) यांच्यासारखं ज्यांनी आत्मचरित्र लिहिलं आहे, त्यांचं काम तुलनेने सोपं. ‘सांजवात’ (१९७२) वाचून मगच फायलींकडे जावं. त्यांचा ‘कथाकुंज’ हा संग्रह १९२८ चा आहे, पण त्यांच्या गोष्टी त्याच्या कितीतरी आधीपासून मासिकांत येत होत्या. संग्रहाचं साल धरून मराठी कथेत स्त्रिया उशिरा आल्या असं जे लिहिलं गेलं, ते मला मुळीच मान्य नाही. त्या वेळेवर आल्या होत्या, पुस्तकं उशिरा झाली.

उलटी सावधगिरीही हवी. स्त्रीच्या नावाने छापलेला प्रत्येक लेख स्त्रीचा असतोच असं नाही. बायकांच्या सदरात पुरुषांनी स्त्रीनाव घेऊन लिहिण्याची चाल होती. त्यामुळे व्यक्ती सापडेपर्यंत ‘छापील नाव’ आणि ‘ठरलेला लेखक’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे.

पुढचा प्रश्न गोष्ट कोणाची हा. मित्र बंगाली शिकले, गुर्जरांनी प्रभातकुमार मुखोपाध्याय (१८७३–१९३२) यांच्या कथा मराठीत आणल्या, आणि त्या वळणाच्या स्वतःच्याही लिहिल्या. एकाच अंकात घडून संपणारी, योगायोगाची गाठ बसलेली आणि शेवटी ती हलक्या हाताने सोडवणारी ‘संपूर्ण गोष्ट’ मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली ती या मार्गाने. त्याआधी ‘करमणूक’मध्ये गोष्टही बरेचदा हप्त्यांनी चाले. रूपांतराला मी कमी लेखत नाही. एका समाजाची गोष्ट दुसऱ्या समाजात अशी बसवायची की वाचकाला शिवण दिसू नये, हे कसबाचं काम आहे. पण यादीत ते रूपांतर म्हणूनच नोंदलं पाहिजे, आणि अंकात दर वेळी तसं लिहिलेलं नसतं.

शिवण कुठे दिसते? मी सर्वांत आधी जमीन पाहतो. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; बंगालमध्ये जमीनदारी, तिथे मधे जमीनदार असायचा. कोकणातल्या किंवा देशावरच्या म्हणून सांगितलेल्या गावात अख्ख्या परगण्याचा मालक असलेला ‘जमीनदार’, त्याचा दिवाण, त्याची कचेरी आणि त्याच्या शब्दावर हलणारं गाव असेल, तर मूळ बंगाली असण्याचा संशय घ्यावा. चांगला रूपांतरकार त्याचा इनामदार किंवा खोत करतो, तरी त्याची सत्ता खोतापेक्षा मोठी उरते आणि तिथे गोष्ट उघडी पडते. दुसरी खूण प्रवासाची: नदीतून होणारा लांबचा प्रवास, रात्रभर चालणारी नाव. आपल्या नद्या पावसाळ्यानंतर असा प्रवास करू देत नाहीत. तिसरी खूण सुट्टीची, कारण दुर्गापूजेची सुट्टी दिवाळीच्या सुट्टीत बदलली की हवामान आणि शेताची अवस्था कधीकधी जुळत नाही. इंग्रजी मुळाच्या खुणा वेगळ्या: मृत्युपत्रावर फिरणारं सगळं कथानक, दूरच्या चुलत्याकडून अचानक आलेली मालमत्ता, अविवाहित तरुण-तरुणीची परक्या घरी सहज होणारी ओळख. या खुणांवरून फक्त संशय घ्यायचा. मूळ गोष्ट हाती लागून प्रसंगाला प्रसंग जुळल्याशिवाय ‘अमुकवरून’ असं लिहायचं नाही.

गोष्ट पुस्तकात आली की ती तशीच राहते असंही नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख ‘विविधज्ञानविस्तारा’त १९०२ मध्ये आला. १९१० मध्ये ‘सुदाम्याचे पोहे’ पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यात अठरा लेख होते, १९२३ च्या आवृत्तीत बत्तीस झाले. कोल्हटकरांच्या विनोदाबद्दल १९०२ च्या संदर्भात बोलायचं आणि उतारा १९२३ च्या आवृत्तीतून द्यायचा, हा प्रकार सर्रास दिसतो. दिवाकर कृष्णांचा ‘अंगणातला पोपट’ १९२२ मध्ये ‘मनोरंजना’त आला आणि ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह १९२७ चा. या पाच वर्षांत मराठी कथेत ‘रत्नाकर’ येऊन गेलेलं असतं. तेव्हा कोण आधी, कोण नंतर हे ठरवताना संग्रहाचं साल उपयोगाचं नाही. पुस्तकाचं साल पाहायला दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (पहिला खंड १९४३, त्यात १८०० ते १९३७) आहेच. तिच्याशेजारी अंकाचं साल मांडायचं आणि शक्य असेल तिथे दोन्ही पाठ ओळीला ओळ लावून वाचायचे.

अलीकडे स्कॅन केलेल्या फायली मिळतात आणि लोक त्यांत शब्द टाकून शोधतात. सापडलं नाही म्हणजे नाही, असा निष्कर्ष काढू नका. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेला आहे: नांव, गांव, कांहीं, मीं, त्यानें, घरांत. ‘गाव’ टाकलं तर ‘गांव’ येत नाही. ‘किर्लोस्कर’च्या फायलींत आणखी एक अडथळा आहे. तिथे अनेक वर्षं ‘अ’ची बाराखडी वापरली गेली, म्हणजे इतिहासाच्या जागी ‘अितिहास’, उद्योगाच्या जागी ‘अुद्योग’, एकच्या जागी ‘अेक’. विश्राम, वसंत अशा नावांना याची झळ लागत नाही, पण इंदिरा, उमा, एकनाथ अशी नावं साध्या शोधात हमखास निसटतात. प्रत्येक नावाची तीन रूपं करून शोधायची: आजचं, अनुस्वाराचं आणि ‘अ’च्या बाराखडीचं. त्यावर यंत्राने अक्षरं ओळखताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. पुसट अनुस्वार गळतो, तुटलेला रफार मात्रा होतो, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. महत्त्वाच्या वर्षांच्या अनुक्रमणिका डोळ्यांनीच वाचाव्या लागतात, त्याला पर्याय नाही.

प्रत्यक्ष खंड हाताळताना दोन गोष्टी. या मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे तो ठिसूळ झालेला असतो आणि सर्वांत आधी कोपरा आणि शिवणीजवळची कडा तुटते. खंड सपाट उघडू नये, दोन्ही बाजूंना आधार देऊन काटकोनाच्या थोडं पुढेपर्यंतच उघडावा, आणि फोटो एका वेळी एकाच पानाचा घ्यावा: आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी. पृष्ठक्रमांक प्रत्येक फोटोत आलाच पाहिजे. दुसरं, चित्रांचा गुळगुळीत कागद दमट हवेत एकमेकाला चिकटतो. ती पानं ओढून सोडवायला जाऊ नका, वरचा थर चित्रासकट निघून येतो. ग्रंथपालाला दाखवा आणि नोंदीत ‘पाने चिकटलेली’ असं लिहा.

नोंदीत काय काय हवं? नियतकालिकाचं त्या वेळचं नाव, वर्ष, अंक, छापील महिना, त्याचा इसवी सन, पृष्ठं, शीर्षक जुन्या शुद्धलेखनासह, लेखाखालचं नाव जसंच्या तसं, ठरवलेलं नाव, कशावरून ठरवलं, आणि प्रत कुठे पाहिली. हप्त्यांचं लेखन असेल तर प्रत्येक हप्त्याची वेगळी ओळ. ‘पुढे चालू’ असं छापून पुढचा हप्ता कधीच न आलेली लेखनं पुष्कळ आहेत, एका ओळीत उरकलं तर ती पूर्ण समजली जातात. ‘कशावरून’ हा रकाना रिकामा असेल तर ठरवलेल्या नावाचा रकानाही रिकामाच ठेवायचा.

पुन्हा छापायचं असेल तर शेवटचा हिशोब हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. गुर्जर १९६२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गोष्टी १ जानेवारी २०२३ पासून मोकळ्या आहेत. दिवाकर कृष्णांचा हक्क २०३३ अखेरपर्यंत, खांडेकरांचा (मृत्यू १९७६) २०३६ अखेरपर्यंत, फडक्यांचा (मृत्यू १९७८) २०३८ अखेरपर्यंत, आणि आनंदीबाई शिर्क्यांचा २०४६ अखेरपर्यंत. गोष्ट १९१५ ची आहे म्हणून ती मोकळी असेल, हा समज चुकीचा आहे. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाला ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, पण त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली असेल तर पुन्हा मृत्यूपासूनचा हिशोब लागतो. हरि नारायण आपट्यांचं सगळं केव्हाच खुलं झालं आहे. नारायण हरि आपट्यांचं २०३१ अखेरपर्यंत वारसांकडे आहे.